मे संपत आला, आता पाव्हण्यांकडे लेकरं घेऊन कसं फिरायचं

अगं पहिल्यांदाच बाळाला घेऊन निघालीस ना, मग एका दमात सगळे पाव्हणे उरकायचा हट्ट करू नको. आपल्या बेळगावकडच्या, म्हणजे कर्नाटकातल्या शाळा महाराष्ट्राच्या आधी उघडतात, त्यामुळं मोठ्याची शाळा असेल तर कोल्हापूरची मावशी आधी करून घे, ती "जूनमध्ये या की निवांत" म्हणते पण तिच्या पोरांना सुट्टी असते, आपल्या नाही. खानापूर जवळच आहे, रविवारी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, फणस खायला मिळतो ते वेगळंच. पण दुपारनंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून सकाळीच निघायचं.

बसनं जाणार असशील तर आधार कार्ड जवळ ठेव, कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसला आपल्या राज्यातल्या बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत, मात्र कोल्हापूरला जाणाऱ्या आंतरराज्य गाडीत ते चालत नाही, कंडक्टरशी वाद घालू नको.

आणि गोकाकचा धबधबा आत्ता नको बाई, पाणीच नसतं, नुसता खडक. जुलै-ऑगस्टमध्ये मैत्रिणींबरोबर जा. पाव्हण्यांकडं कुंदा न्यायचा, बाळाचा मऊ भात मात्र आपला आपण करून घ्यायचा, सासूबाई काय म्हणायचं ते म्हणू देत.