ऑपेरा बुफाला फार्स म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: दोमेनिको चिमारोझा या इटालियन संगीतकाराची ओळख 'ऑपेरा बुफा' रचणारा अशी वाचली. मराठीत याला 'फार्स' म्हणावं की 'विनोदी संगीत नाटक'?

फार्स नको. इटालियनमध्ये 'फार्सा' हा वेगळा शब्द आहे आणि तो एकअंकी छोट्या खेळाला वापरतात. 'बुफो' म्हणजे हसवणारा. ऑपेरा इटालियनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून 'बुफा'. हसवणाऱ्या गायकालाही बुफोच म्हणतात. राजे आणि पुराणपुरुष गंभीर ऑपेरात. बुफात व्यापारी, कारकून, मोलकरणी, आणि नेपल्समध्ये तर सुरुवातीला ही माणसं तिथल्या बोलीतच गात.

'विनोदी संगीत नाटक' जवळचं वाटतं खरं, पण आपल्या संगीत नाटकात दोन पदांमध्ये गद्य संवाद असतात. बुफात बोलणंही हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या साथीवर गायचं असतं. गद्य संवाद असतात ते फ्रेंच 'ऑपेरा-कॉमिक'मध्ये, आणि तो विनोदी असलाच पाहिजे असंही नाही. खुनाने संपणारा 'कार्मेन' हा ऑपेरा मुळात त्याच प्रकारातला.

चिमारोझाचा जन्म १७४९चा, नेपल्सजवळच्या आवेर्सातला. गवंड्याचा हा मुलगा नेपल्सच्या सांता मारिया दि लोरेतो या संगीतशाळेत शिकला, पुढे रशियात सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारी राहिला. परतताना व्हिएन्नात ७ फेब्रुवारी १७९२ रोजी त्याचा 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो' (गुप्त विवाह) रंगमंचावर आला. श्रीमंत व्यापारी जेरोनिमोला मुलगी उमरावाघरी द्यायची आहे, आणि धाकटीने तर त्याच्याच कारकुनाशी चोरून लग्न लावलेलं! हा कानाने अधू बाप म्हणजे अस्सल बुफो, खर्जातला. सम्राट लिओपोल्डने मंडळींना जेवू घालून त्याच रात्री अख्खा खेळ पुन्हा करायला लावला, असं सांगतात. आपल्याकडे वन्स मोअर पदाला मिळतो, इथे तो सबंध ऑपेराला मिळाला!

१७९९मध्ये नेपल्सच्या अल्पजीवी प्रजासत्ताकासाठी त्याने गीत रचलं. राजा परतल्यावर त्यापायी तुरुंगवास घडला. सुटल्यावर व्हेनिसला गेला आणि १८०१च्या जानेवारीत तिथेच वारला.

तेव्हा 'ऑपेरा बुफा' हा शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाला 'हलकाफुलका, संपूर्ण गायला जाणारा इटालियन ऑपेरा' एवढा खुलासा जोडावा. चिमारोझाच्या ओळखीत 'मुख्यतः ऑपेरा बुफा रचणारा' असा 'मुख्यतः' हा शब्दही हवाच, कारण 'ओराझी आणि कुरिआझी' हा १७९६चा गाजलेला गंभीर ऑपेराही त्याचाच.