वाचकांचे प्रश्न : मृणालताईंच्या वाटेनं जायचं, तर सुरुवात कुठून?

प्रश्न : मृणाल गोरे यांच्याविषयी वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही. आमच्या वस्तीत पाणी दिवसाआड येतं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. आठ-दहा बायका तयार आहेत. आधी एखाद्या पक्षात जावं की सरळ मोर्चा काढावा? – एक वाचक

उत्तर : ताई, दोन्ही नंतर. आधी वही घाला.

मृणालताई १९६१ मध्ये गोरेगावातून मुंबई महापालिकेत निवडून आल्या. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले, कारण तो एक प्रश्न त्यांनी हातचा सोडला नाही. पक्षाचं म्हणाल, तर १९७२ ची महागाईविरोधी चळवळ पाहा. समाजवादी मृणालताई आणि प्रमिला दंडवते यांच्या बरोबरीनं कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी होत्या, आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तुमच्या आठ-दहा जणींत वेगवेगळ्या पक्षांना मत देणाऱ्या असतील, तर असू द्या. तेच बळ आहे.

आता वही. दहा घरं निवडा : तीन लाइनच्या सुरुवातीची, तीन मधली, चार शेवटच्या टोकाची. चौदा दिवस, म्हणजे पाण्याच्या सात पाळ्या, तीन गोष्टी लिहा : पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं आणि २० लिटरचा कॅन भरायला किती मिनिटं लागली. समजा चार मिनिटं लागली, तर मिनिटाला पाच लिटर. पाणी ५० मिनिटं टिकलं, तर २५० लिटर. ते दोन दिवस पुरवायचं आणि घरात माणसं पाच, म्हणजे माणशी रोज २५ लिटर. नळपाणी आहे पण भुयारी गटार नाही, अशा शहरांसाठी मानक माणशी ७० लिटरचं आहे, गटार असेल तर १३५. ‘पाणी कमी येतं’ हे अधिकारी रोज ऐकतात. ‘सत्तरऐवजी पंचवीस, ही पाहा वही’ असं म्हटलं की त्यांनाही स्वतःचा आकडा काढावा लागतो.

वहीतून दोषही कळतो. सगळ्या दहा घरांत धार बारीक असेल, तर दाब किंवा व्हॉल्व्ह पाहायला लावा. सुरुवातीला जोरात आणि टोकाला ठणठणाट असेल, तर मधल्या घरांनी नळाला थेट मोटर लावलेली असण्याची दाट शक्यता. हे आधी गल्लीतच मिटवा. नाहीतर अभियंता पहिलं बोट त्या मोटरींवर ठेवील आणि तुमच्यातच दोन तट पडतील. अशा कामांची फूट बहुतेक वेळा इथेच पडते.

मग निवेदन. मागणी एकच आणि मोजता येईल अशी : ‘आमचा व्हॉल्व्ह ३० मिनिटं जास्त उघडा ठेवावा.’ सह्यांपुढे घर क्रमांक हवा. दोन प्रती न्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. पोच नसलेलं निवेदन दिलंच नव्हतं, असं धरून चाला. बैठकीची वेळही पाणी येण्याच्या वेळेवर ठेवू नका, बायका येणार नाहीत. मोर्चा यानंतर, पोलिसांची परवानगी काढून.

प्रश्न : माहिती अधिकारात ‘आमच्या भागाला पाणी का मिळत नाही?’ असं विचारलं. ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढंच उत्तर आलं.

उत्तर : ‘का’ विचारू नका, कागद मागा. कायदा दप्तरी असलेली माहिती देतो, खुलासा लिहून देत नाही. व्हॉल्व्ह उघडण्याचं वेळापत्रक, जलवाहिनीचा व्यास आणि ती टाकल्याचं वर्ष, गेल्या तीन महिन्यांची तक्रार नोंदवही, टँकरच्या फेऱ्यांचं लॉगबुक, यांच्या प्रती मागा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. ते आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. ही तारीख हुकली की प्रकरण थंड पडतं, म्हणून अर्जाच्या पोचेवरच ती लिहून ठेवा.

प्रश्न : पुढच्या पालिका निवडणुकीत आमच्यातली एक उभी करायची आहे. काय पाहावं?

उत्तर : वय २१ पूर्ण हवं. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर जात असेल, तर अपात्रता येते. सरकारी नोकरी असेल तर उमेदवारीच काय, प्रचारही करता येत नाही. प्रारूप मतदारयादी लागली की स्वतः जाऊन वाचा, कारण गल्लीतली नावं शेजारच्या प्रभागात गेलेली सापडतात आणि हरकतीची मुदत थोड्याच दिवसांची असते.