नेहमी लवकर निघणारी

"अशा मेळाव्यांना जाऊन खरंच कुणाचं काही होतं का हो?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारी दोन प्रकारची माणसं घेऊन येतात. एक म्हणजे एकटी राहणारी, जोडीदार किंवा निदान सोबत शोधायला एकल व्यक्तींच्या मेळाव्यांना जाणारी. दुसरी म्हणजे नुकती लिहायला लागलेली, कुठल्याशा लेखनगटात जाऊ लागलेली. तक्रार मात्र सारखीच: मी जाते, बसते, हसते, परत येते. बाकीच्यांचं जमतं, माझंच जमत नाही.

जिच्याबद्दल आज लिहितेय ती दोन्हीकडे जात होती, म्हणून तिची गोष्ट निवडली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन जणींचे अनुभव एकत्र केलेत. नाव देत नाही.

वय चाळिशीला टेकलेलं. घटस्फोट होऊन बरीच वर्षं झालेली, त्याबद्दल ती सरळपणे बोलू शकायची. दिवसभर नोकरी, रात्री कथा लिहायची. एकल व्यक्तींच्या दोन गटांत तिचं नाव होतं, शिवाय आठवड्याला भरणारा एक लेखनगट होता. म्हणजे ही घरात कोंडून घेतलेली बाई नव्हती. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मॅडम, माझ्यात काहीतरी आहे, ते लोकांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं आणि ते बाजूला होतात. ते काय आहे, एवढंच मला सांगा."

असा प्रश्न आला की उत्तर शोधायची घाई मी करत नाही. एकदा दोष शोधायला बसलं की तो सापडतोच, कुणातही सापडतो. मी तिला म्हटलं, "मागच्या मेळाव्यात कसं वाटलं ते नंतर बघू. आधी काय काय केलंत ते सांगा. दारातून आत आलात तिथपासून."

तिनं सांगितलं ते असं. कार्यक्रम सहाचा, ती पोचली साडेसहाला, कारण सुरुवातीला एकेकानं उठून ओळख करून द्यायची असते ती टाळायची होती. बसली दाराजवळ. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. एक गृहस्थ येऊन बोलायला लागले. ते बोलत असताना ती मनात आपलं पुढचं वाक्य जुळवत होती. त्यांनी सांगितलं की हल्ली ते एक वाद्य शिकतायत. कुठलं वाद्य? ते तिला आठवेना. सूत्रसंचालकाचे खेळ संपले, लोक खुर्च्या ओढून घोळक्यानं बसायला लागले, तेव्हा "उद्या लवकर उठायचंय" असं म्हणून ती निघाली. घरी पोचल्यावर तासभर त्या गृहस्थांशी झालेलं बोलणं उकरत बसली.

मेळाव्यातला ठरवून दिलेला भाग हा फक्त सुरुवातीचा संकोच मोडण्यापुरता असतो. खरी ओळख होते ती त्यानंतरच्या रिकाम्या, दिशाहीन अर्ध्या तासात. आणि ती दरवेळी नेमकी त्याच्या आधी निघत होती.

लेखनगटात काय होतं ते बघायला मी तिला एक कथा आणून माझ्यासमोर वाचायला सांगितली. तिनं कागद असे धरले की अंगठ्याखाली शीर्षक झाकलं जावं. मग, "हे घाईत लिहिलंय, अजून कच्चं आहे, शेवट मला स्वतःलाच पटलेला नाही, कंटाळा आला तर मधेच थांबवा." एवढं झाल्यावर कथा सुरू झाली, तीही अशा वेगानं की विरामचिन्हं जागेवर राहिली नाहीत. शेवटचा परिच्छेद तिनं गाळला. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तो जरा जास्तच आहे." वाचून दाखवायला लावला. कथेतली सगळ्यात चांगली ओळ त्याच परिच्छेदात होती. (हे माझं वाचक म्हणून मत. समुपदेशक म्हणून मी ते तिला त्या दिवशी सांगितलं नाही. माझ्याकडून शाबासकी घेऊन घरी जाणं म्हणजे तिच्यासाठी आणखी एक परीक्षा पास होणं झालं असतं.)

मानसशास्त्रात या सगळ्याला 'सुरक्षा वर्तन' म्हणतात. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिच्यात हा मुद्दा मध्यवर्ती आहे. उशिरा जाणं, दाराजवळ बसणं, वाक्य आधी घोकून बोलणं, आधीच माफी मागून ठेवणं, हे सगळं आपण फजिती टळावी म्हणून करतो. फजिती होत नाही, पण मन श्रेय त्या युक्तीला देतं: बरं झालं लवकर निघालो, नाहीतर काही खरं नव्हतं. त्यामुळे भीती खोटी ठरायची संधीच मिळत नाही. शिवाय या युक्त्या बाहेरून वेगळ्याच दिसतात. मनात वाक्य जुळवणारी बाई समोरच्याला तुटक वाटते, थोडी गर्विष्ठसुद्धा. तिला वाटत होतं की लोकांना तिच्यातली खोट दिसते. लोकांना दिसत होती मांडीवरची पर्स आणि दाराकडे वळलेले डोळे.

लोकांना आपलं किती दिसतं याचा आपला अंदाज फार चढा असतो. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून माणसांनी भरलेल्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या साधारण निम्म्या लोकांच्या तो लक्षात आला असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम चौथाईच्या आला होता. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या गप्पांनंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं, तर समोरच्याला आपण जितके आवडलो असं लोकांना वाटतं त्याहून ते जास्त आवडलेले निघाले.

हे मी तिला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "त्या अभ्यासात मी नव्हते."

मुद्दा बरोबर होता. मग तिचाच अभ्यास करायचं ठरलं. एक वही, पानावर दोन रकाने. जायच्या आधी डावीकडे लिहायचं, काय होईल असं वाटतं. आल्यावर उजवीकडे, काय झालं. पहिल्या खेपेला एवढंच ठरवलं की वेळेवर जायचं आणि शेवटपर्यंत थांबायचं. हुशार बोलायचं नाही, कुणावर छाप पाडायची नाही, नंबर मागायचा नाही.

डावीकडे तिनं लिहिलं होतं: "ओळख करून देताना आवाज कापेल, लोक एकमेकांकडे बघतील." उजवीकडे: "आवाज कापला. माझ्यानंतरच्या माणसाचाही कापला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, जो तो आपली ओळख पाठ करत होता."

ते पान वाचताना आम्ही दोघी हसलो. तिला माझ्यासमोर हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

पुढे एकेक आधार काढत गेलो. पर्स खुर्चीखाली. लेखनगटात प्रस्तावना बंद: शीर्षक वाचायचं आणि थेट पहिलं वाक्य. आणि बोलताना एक काम: समोरचा जे बोलला त्याच्यावरच पुढचा प्रश्न विचारायचा. कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांच्या २०१७ च्या संशोधनात असे पाठपुराव्याचे प्रश्न विचारणारी माणसं समोरच्यांना जास्त आवडल्याचं दिसलं होतं, झटपट भेटींच्या (स्पीड डेटिंगच्या) मेळाव्यांतही. पण मी हे सुचवलं त्याचं मुख्य कारण वेगळं. पुढचा प्रश्न विचारायचा तर ऐकावं लागतं, आणि ऐकताना स्वतःवर पहारा ठेवायला मन मोकळं राहत नाही.

मेळाव्यांचा हिशोबही मांडला. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जिवलग मैत्रीला २०० च्या वर. हे सरासरीचे आकडे आहेत, कुणाचं लवकरही जमतं. तरी गुणाकार करून बघा. महिन्यातून एकदा दोन तासांचा मेळावा असेल तर ५० तासांना दोन वर्षं लागतील, तेही प्रत्येक वेळी तीच माणसं आली तर. आठवड्याला दोन तास भेटणाऱ्या गटात तेवढे तास सहा महिन्यांत होतात. ती एका संध्याकाळीत निकाल मागत होती. रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट वारंवार समोर आली की ती आवडायला लागते. मेळाव्यांची निवड करताना म्हणूनच माझा पहिला प्रश्न असतो: तिथे तीच माणसं पुन्हा येतात का?

झटपट भेटींत एकेकाशी काही मिनिटंच बोलायचं आणि ज्यांना पुन्हा भेटावंसं वाटतं त्यांच्या नावापुढे कागदावर खूण करायची. हा प्रकार तिनं एकदा करून बघितला होता आणि तो तिच्या जिव्हारी लागला होता, कारण कुणीच तिच्या नावापुढे खूण केली नव्हती. हा प्रकार १९९०च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये एका राबायनं, म्हणजे ज्यू धर्मगुरूनं, सुरू केला. त्यावर एली फिंकेल आणि पॉल ईस्टविक यांचा २००९ चा एक मजेदार अभ्यास आहे. एरवी बायका बसून राहतात, पुरुष टेबलं बदलतात आणि बायका जास्त चोखंदळ निघतात. यांनी उलटं केलं, बायकांना टेबलं बदलायला लावली, तर हा फरक जवळपास नाहीसा झाला. उठून दुसऱ्यापर्यंत चालत जाण्यानंसुद्धा माणसाची निवड बदलते. आता अशा कागदावरच्या खुणांना स्वतःच्या लायकीचा दाखला मानायचं का, हे तिचं तिनं ठरवावं म्हणून मी तिथे थांबले.

मधे एक खोडा आला. लेखनगटात तिनं एका विभक्त बाईची कथा वाचली, या वेळी शेवटच्या परिच्छेदासकट. वाचून झाल्यावर एकानं विचारलं, "हे तुमचंच आहे ना?" पाठोपाठ दुसऱ्यानं सल्लाही दिला, एकटं राहू नका म्हणून. ती पुढचे काही आठवडे गेलीच नाही. मला म्हणाली, "बघा. कळलंच शेवटी त्यांना."

इथे दोष तिच्या वागण्यात नव्हता, गटाच्या पद्धतीत होता. ज्या गटात चर्चेला काही चौकट नाही तिथे चर्चा कथेवरून कथा लिहिणाऱ्यावर घसरतेच. चांगले गट हे आधीच ठरवून ठेवतात: बोलायचं ते पात्राबद्दल, निवेदकाबद्दल; 'तुम्ही असं का केलंत' असं म्हणायचं नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी नृत्यासाठी तयार केलेली चार पायऱ्यांची एक पद्धत आता लेखनगटांतही वापरतात. आधी प्रेक्षकांनी आपल्याला काय भिडलं ते सांगायचं. मग कलाकारानं आपले प्रश्न विचारायचे. मग प्रेक्षकांनी, पण ज्यात मत दडलेलं नाही असेच प्रश्न. आणि मत द्यायचं ते शेवटी, कलाकारानं परवानगी दिली तर. मला तिसरी पायरी फार आवडते. 'शेवट एवढा घाईत का उरकलात?' हा प्रश्न नाहीच. 'शेवटाला वाचकानं कुठे असावं असं तुम्हाला वाटतं?' हा प्रश्न आहे. समुपदेशकांनीसुद्धा हा सराव करावा.

तिनं गटाच्या संयोजिकेला हे पत्रातून कळवलं. आधी मला वाचायला दिलं तेव्हा त्यात चार वेळा 'माफ करा' होतं. तीन तिनं स्वतःच खोडले. संयोजिकेनं पुढच्या बैठकीत नियम वाचून दाखवला. प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांनी नंतर येऊन दिलगिरी व्यक्त केली. सल्ला देणाऱ्यांनी नाही केली. असो.

त्याच सुमारास दोन वह्या वेगळ्या केल्या. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशकारक गोष्टींबद्दल लिहायला लावलं, आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्याचं आढळलं. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहान दिसला, पण आहे. मात्र ते लिखाण कुणाला दाखवायचं नसतं. ओली जखम गटात वाचली की माणसं शैलीबद्दल बोलतात आणि वाचणाऱ्याला वाटतं आपल्या दुःखाला गुण दिले जातायत. जे अजून वाचताना घसा दाटतो ते एका वहीत. जे आता आपल्यापासून सुटून कथा झालंय तेवढंच गटात.

लेखनगटात आपण जोडीदार शोधायला येतो असं लोकांना वाटलं तर, ही तिची भीती शेवटपर्यंत थोडी राहिली. माझं मत साधं आहे. लेखनगटात कामाला आलेल्या माणसांना कामच करू द्यावं. तिथे कुणाशी सूर जुळलाच तर गटाबाहेर, एकदाच, सरळ विचारावं आणि नकार आला तर विषय तिथेच सोडावा. एकल व्यक्तींच्या मेळाव्यात मात्र सगळेच त्या हेतूनं आलेले असतात, तिथे लपवाछपवी करून स्वतःला दमवू नये.

तिचं पुढे काय झालं? लग्न वगैरे झालं नाही. वाद्य शिकणाऱ्या गृहस्थांना ती पुन्हा भेटली, तिनं वाद्याचं नाव विचारून घेतलं, काही वेळा दोघं बाहेर भेटले आणि नंतर दोघांच्याही लक्षात आलं की यात फार दम नाही. पूर्वी या गोष्टीवर तिनं महिने काढले असते. या वेळी आमच्या एका भेटीतली दहा मिनिटं त्यावर गेली आणि मग ती तिच्या नव्या कथेबद्दल बोलायला लागली. एकल व्यक्तींचा एक गट तिनं सोडला, एक ठेवला. लेखनगटातली एक बाई तिची मैत्रीण झाली आहे, कथेवरून भांडण्याइतकी.

गट सोडावा कधी, हे पुष्कळ जण विचारतात. कुणी नको असताना अंगचटीला येत असेल, पैसे मागत असेल, घरचा पत्ता काढून घेत असेल आणि संयोजकांना सांगूनही ते दुर्लक्ष करत असतील तर त्याच दिवशी. नवी ओळख झालेल्या माणसाला पहिल्या काही वेळा चारचौघांतच भेटावं आणि कुठे जातोय ते कुणाला तरी सांगून जावं. नुसता अवघडलेपणा असेल तर निदान पाच-सहा वेळा, वेळेवर जाऊन आणि शेवटपर्यंत थांबून बघा, मग ठरवा. आणि झोप उडाली असेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मेळावा शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा.