गावात राहून एकट्याने शेतीवर गेम बनवता येईल का? त्यात गारपीट, बोंडअळी टाकली तर कोणी खेळेल का?

गेम इंजिनाचं, म्हणजे गेम ज्यात बनवायचा त्या सॉफ्टवेअरचं, आधी संपवतो, कारण त्यावर लोक विनाकारण महिने घालवतात. गोडो घ्या. फुकट आहे, एमआयटी परवान्याखाली (कोणीही मोकळेपणाने वापरावं असा परवाना) आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं आणि उद्या कोणी त्याचे पैसे मागायला येणार नाही. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या कंपनीने सप्टेंबर 2023 मध्ये इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं होतं, वर्षभराने ते मागे घेतलं. पण तोवर ‘स्ले द स्पायर’ या गाजलेल्या पत्त्यांच्या गेमवाल्यांनी दुसऱ्या भागाचं दोन वर्षांहून जास्त झालेलं काम युनिटीतून उचलून गोडोत नेलं होतं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनी हे केलं. आपण पहिल्या दिवसापासून तिथेच बसावं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात राहून कापसावर गेम करायचाय, पण मित्र म्हणतात बोंडअळी, गारपीट, भाव पडणं असलं काही ठेवू नको, लोक निराश होतील आणि गेम काढून टाकतील. हे वाक्य मी जवळपास याच शब्दांत ऐकलंय, भरल्या हॉलमध्ये, माइकवरून. म्हणून उत्तर लांबणार आहे.

आमची वरूड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. माझा गेम त्या बागेवर आहे. संत्र्याला वर्षातून दोन बहार: आंबियाचं फूल जानेवारी-फेब्रुवारीत, मृगाचं पावसाच्या तोंडावर. कुठलाही बहार धरायचा तर त्याआधी पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. भारी काळ्या जमिनीत ताण बसायला वेळ लागतो, हलक्या जमिनीत लवकर बसतो. ताण कमी पडला तर फुलाऐवजी नवती (नवी पालवी) फुटते, जास्त झाला तर झाड खचतं, आणि मध्येच अवकाळी पाऊस आला तर सगळा ताण तुटतो. फळ झाडावर असतानाच व्यापारी बाग पाहायला येतो, अंदाज काढतो, इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देतो. लवकर विकली तर भाव कमी, पण पुढची जोखीम त्याची. थांबलं तर भाव चढा, पण फळगळ, कोळशी रोग, गारा सगळं आपल्या अंगावर.

हे वाचतानाच तुमच्या लक्षात आलं असेल की इथे गेम आयता तयार आहे. प्रत्येक पायरीवर निर्णय आहे, प्रत्येक निर्णयाला किंमत आहे आणि पूर्ण माहिती कोणाकडेच नाही. मला काही शोधून काढावं लागलं नाही, फक्त नियमांत बसवावं लागलं.

नागपूरला एका कार्यक्रमात नवीन गेम दाखवायचे होते. परीक्षक मोठ्या शहरातले, मोठ्या कंपनीत काम केलेले. त्यांनी माझा गेम थोडा वेळ खेळला, गारा पडल्या, बाग गेली. ते म्हणाले, “गारपीट काढून टाका. शेतकरी हरताना कोणाला बघायचंय? ‘हे डे’ हा शेतीचा मोबाइल गेम बघा, त्यात पीक कधी मरत नाही.” मी म्हटलं, “सर, गारा काढल्या तर व्यापाऱ्याला लवकर बाग विकायचं कारणच उरत नाही.” ते म्हणाले, “मग व्यापारीही काढा, गेम सोपा होईल.” टाळ्या पडल्या आणि ते पुढच्या टेबलावर गेले.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चातली गारपीट मी पाहिलीय. तो काळ असा की मृगाचं तयार फळ आणि आंबियाचा फुलोरा झाडावर एकाच वेळी असतो, आणि दोन्ही एकदमच खाली येतं. ज्यांच्यावर ते वर्ष गेलं त्यांच्या गोष्टीला “कोणाला बघायचंय” म्हणणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. पण ते बाजूला ठेवू. निव्वळ कारागिरीच्या बाजूनेही त्यांचं म्हणणं चूक आहे, आणि तेच मला तुम्हाला दाखवायचंय.

घरी आलो आणि पूर्ण गेम पुन्हा कागदावर मांडला. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंचे पत्ते केले, पैशांसाठी तुरीचे दाणे, पाण्यासाठी काड्या. पानठेल्यावर संध्याकाळी जे बसतात त्यांना खेळायला बसवलं. यातले बहुतेक बागवाले, एक जण बागांच्या सौद्यात फिरणारा दलाल. आधी परीक्षकांच्या मताप्रमाणे खेळवलं: गारा नाहीत, पीक मरत नाही. कोणीच लवकर विकेना. सगळे शेवटच्या फेरीपर्यंत थांबले, सगळ्यांना सारखाच भाव मिळाला, आणि एक जण मध्येच मोबाइल काढून बसला. त्याच्यापुढे निर्णयच नव्हता, त्याने करायचं काय?

मग गारा परत टाकल्या, पण आमच्या आभाळाप्रमाणे. आधी ‘ढग’ हा पत्ता उघडा पडतो. तो पडला म्हणजे पुढच्या फेरीत गारा येतीलच असं नाही, पण येऊ शकतात. त्या एका फेरीत ठरवायचं: पडत्या भावात बाग देऊन टाकायची की थांबायचं. तिथून पानठेल्यावर भांडणं सुरू झाली. “दे ना बे, कायले थांबून राहिला?” “तुले काय समजते, हे ढग पुढं जाते.” ज्याची बाग गेली तो उठून गेला नाही, त्याने पत्ते पुन्हा वाटायला लावले.

एका काकांनी तर माझा नियमच दुरुस्त केला. मी लिहिलं होतं की सौदा झाला की सगळे पैसे शेतकऱ्याचे. ते म्हणाले, “गारा पडल्यावर तो बाकीचे पैसे देते काय? इसार सोडते अन् मोकळा होते.” बरोबर होतं. आता गेममध्ये इसार किती मागायचा हाही निर्णय आहे: जास्त मागितला तर व्यापारी भाव पाडतो, कमी घेतला तर तो पळाल्यावर हातात काही राहत नाही. माझ्या गेममधला हा सगळ्यात चांगला नियम आहे आणि तो कुठल्याही ट्युटोरियलमध्ये सापडला नसता. तुम्ही गावात आहात ही अडचण समजू नका. हे लोक शहरातल्या स्टुडिओला पैसे देऊनही मिळणार नाहीत.

यातली तांत्रिक बाजू अशी. नशीब दोन जागी बसवता येतं, निर्णयाच्या आधी किंवा नंतर. आधी बसवलं की खेळणाऱ्याला परिस्थिती मिळते आणि तो वाट काढतो. नंतर बसवलं की तो बरोबर वागूनही फटका खातो आणि गेमला शिव्या देतो. ‘इनटू द ब्रीच’ (2018) मध्ये शत्रू कुठे मारणार हे तुमची चाल येण्याआधीच पडद्यावर दिसतं. गेम कठीण आहे, शहरं पडतात, तरी लोक पुन्हा पुन्हा खेळतात. ‘स्ले द स्पायर’मध्येही पत्ते आधी हातात येतात, समोरचा या फेरीत काय करणार ते त्याच्या डोक्यावर दिसतं, मग तुम्ही खेळता. हरणं दोन्हीकडे भरपूर आहे.

आणि हे आपल्याकडे फार आधीपासून आहे. अष्टाचंगा आठवा (नाव गावागणिक बदलतं). चिंचोके किंवा कवड्या आधी पडतात, कोणती सोंगटी हलवायची ते नंतर ठरतं. चार चिंचोक्यांचं गणित पाहा: दोन्ही बाजू सारख्याच पडतात असं धरलं, तर दोन (दोन उताणे) पडायची शक्यता 16 पैकी 6 आणि आठ (चारही पालथे) पडायची 16 पैकी फक्त 1. म्हणून आठाला पुन्हा टाकायची संधी मिळते आणि म्हणून आठ पडल्यावर ओटा दणाणतो. सापशिडीत फासा पडला की तुम्हाला करायला काहीच नसतं. माझ्या आजीने अष्टाचंगा शेवटपर्यंत खेळला, सापशिडीला ती लहान पोरांचा खेळ म्हणायची.

‘हे डे’चं उदाहरण देणाऱ्यांना फेसबुकवरच्या ‘फार्मव्हिल’ या शेतीच्या गेमची आठवण करून द्या. 2009 मध्ये कोट्यवधी लोक ते खेळत होते आणि त्यात वेळेवर काढणी केली नाही तर पीक सुकून जायचं. लोकांना नुकसान सहन होतं. न सांगता झालेलं नुकसान सहन होत नाही.

आता तुमचा कापूस. बोंडअळी ठेवाच, पण फवारणीचं बटण दाबल्यावर फासा टाकू नका. कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) आधी दाखवा. सलग 3 रात्री सापळ्यात रोज 8 किंवा जास्त पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, हे कृषी खात्याचं गणित तुमच्या गावातही सगळ्यांना माहीत असेल. सापळे लावायलाच पैसे लागू द्या, म्हणजे माहितीही विकत घ्यावी लागेल. फवारणी फक्त पैशांची ठेवू नका. 2017 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हा मास्क-हातमोजे आणि वाऱ्याची दिशा हा गेममधला खरा नियम असला पाहिजे, सजावट नाही. मग फरदड: डिसेंबरनंतर पऱ्हाटी (कापसाची झाडं) उपटायची की अजून एखादी वेचणी काढायची? काढली तर आज पैसे मिळतात आणि अळीला पुढच्या हंगामापर्यंत घर मिळतं. आणि शेवटी कापूस घरात भरून भावाची वाट पाहायची की खेडा खरेदीत, गावातच आलेल्या व्यापाऱ्याला, देऊन टाकायचा. गेम एवढ्यावर उभा राहतो. शेतात फिरणाऱ्या गोंडस कोंबड्या नंतर काढा.

त्या परीक्षकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. लहान मुलांसाठी किंवा दोन मिनिटांच्या विरंगुळ्यासाठी गेम करत असाल तर ते म्हणतात तसंच करा, तो वेगळा प्रकार आहे. आणि मी सांगतोय त्यात पैसा लवकर येत नाही. माझा दिवसाचा खर्च गावातल्या सेवा केंद्राच्या कामातून निघतो, गेम रात्री होतो. जाहिरातींच्या भरवशावर नोकरी सोडू नका, शेती तर नाहीच.

प्ले स्टोअरवर खात्याचे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात. वैयक्तिक खातं 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं असेल तर गेम सर्वांसाठी टाकण्याआधी किमान 12 लोकांनी सलग 14 दिवस टेस्टर म्हणून जोडलेलं राहावं लागतं. शहरातली पोरं यासाठी अनोळखी लोकांना विनवण्या करतात. तुम्ही गावातल्याच बारा जणांना जोडा, त्यात निदान चार कापूस पिकवणारे आणि एखादा जिनिंगवाला (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातला) असू द्या, आणि ते खेळताना शेजारी बसून अजिबात काही समजावू नका. कुठे बोट अडतं ते लिहून ठेवा.

कागदावरचे नियम तयार झाले की या उत्तराखाली टाका. मी इथे खेळवून कुठे अडतं ते कळवतो.