डोकं ठणकतंय, उलटी झाली, अंगही दुखतंय: अर्धशिशी समजू की व्हायरल?

तुम्ही लिहिलंय की खानापुरात चार दिवस पाऊस लागून आहे, कालपासून उजवं कानशील ठणकतंय, दोनदा उलटी झाली, अंग दुखतंय. घरात दोघांना ताप येऊन गेलाय, म्हणून हेही व्हायरलच असणार. असेलही. पण थर्मामीटर लावलात का? नेमकं तेवढंच लिहायचं राहिलंय.

मी डॉक्टर नाही. बेळगावच्या वडगावात राहते, घरात चार माग आहेत आणि पंधरा-सोळा वर्षं अर्धशिशी आहे. मागांचा खडखडाट आता मला ऐकूच येत नाही. उलट लाईट जाऊन माग थांबले की रात्री जाग येते. पण अर्धशिशी उठली की तोच धोटा दर फेरीला कवटीच्या आत आपटतो. जिन्याच्या चार पायऱ्या चढले तरी ठणका वाढतो, शेजारच्या फोडणीच्या वासानं पोटात ढवळतं. दार लावून, डोळ्यांवर ओला पंचा टाकून निपचित पडायचं, एवढंच सुचतं. तापात माझं असं होत नाही. सगळं डोकं जड, सांधे ठेचल्यासारखे, घसा खवखवतो, कूस बदलत राहते. पण खिडकी उघडी चालते, कुणी गप्पा मारायला आलं तर बरंच वाटतं.

आणखी एक खूण आदल्या दिवशीच दिसते. जांभयांवर जांभया, मान आखडलेली, आणि काहीतरी गोड खायची वखवख. मला कुंदा, आमच्याकडची दुधाची मिठाई, आठवते. आमचे हे म्हणतात, "कुंदा मागतेयस म्हणजे उद्या पडणार तू." काहींना दुखणं सुरू व्हायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ दिसते, पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत, मला ती आजवर दोनदाच दिसली. औषध न घेतल्यास ठणका चार तासांपासून 72 तासांपर्यंत राहतो. ताप मात्र अर्धशिशीनं येत नाही.

नाकावरून ठरवू नका. अर्धशिशीतही नाक गळतं, डोळ्यांतून पाणी येतं. त्यामुळे मी कितीतरी वर्षं सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या. एका दवाखान्यात दर वेळी "व्हायरल आहे" म्हणून इंजेक्शन आणि अँटिबायोटिक मिळायचं, दुसऱ्या दिवशी बरं वाटायचं आणि आम्ही इंजेक्शनचे गोडवे गायचो. दुखणं त्याच्या वेळेनं उतरत होतं, एवढंच. तसंही व्हायरलवर अँटिबायोटिक चालत नाही. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी "तलेनोवु (कन्नडमध्ये डोकेदुखी) आधी की ज्वर आधी?" असं विचारलं, तेव्हा मला कळलं की ज्वर कधी नव्हताच.

मग मी उलट्या बाजूनं चुकले. दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात डोळ्यांच्या मागे दुखायला लागलं, उलटी झाली. मला वाटलं नेहमीचंच, आणि नेहमीची वेदनाशामक गोळी घेतली. संध्याकाळी ताप 103. तो डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी चांगलं झापलं: डेंग्यूत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकनं रक्तस्राव वाढू शकतो, निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आणि ताप उतरला की सुटलो असं नाही. त्याच दिवसांत पोटात कळा, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, असं काही दिसलं तर ॲडमिट व्हावं लागतं.

तुम्ही जांबोटी-कणकुंबीकडे रानात जात असाल तर माकडतापही ध्यानात ठेवा. 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात सापडलेला हा आजार पुढे गोव्यातल्या सत्तरी, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गपर्यंत पोचला. गोचीड चावून होतो, अचानक ताप आणि जोराची डोकेदुखी. पण त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, आत्ताच्या पावसात शक्यता कमी.

आता तुमचं. एकाच बाजूला ठणका आणि उलटी हे अर्धशिशीसारखं वाटतं. घरातले दोन ताप आणि अंगदुखी व्हायरलकडे बोट दाखवतात. दोन्ही एकदम असू शकतं, कारण ज्याला अर्धशिशी आहे त्याची ती तापानं उठू शकते. हे पहिल्यांदाच होत असेल तर अर्धशिशी असं स्वतःच ठरवू नका, दाखवून घ्या. तापाबरोबर मान इतकी ताठ की हनुवटी छातीला टेकत नाही, बोलणं असंबद्ध, हात-पाय लुळा, किंवा क्षणात वीज पडावी तसं डोकं उठलं, तर वाट बघू नका, रात्र असली तरी गाडी काढून बेळगाव गाठा.

ताप मोजताना एक सांभाळा. पॅरासिटामॉल घेतलं असेल तर आत्ताचा आकडा खोटा येईल. पाच-सहा तास जाऊ द्या, मग मोजा, वेळेसकट लिहून ठेवा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो कागद न्या.