सासूबाईंचा माळा आणि चार महिन्यांची मुदत

आपण लिहिले आहे की ठाण्यातील नौपाड्यातली आपली इमारत पुनर्विकासाला जात असून चार महिन्यांत घर रिकामे करून द्यायचे आहे, भाड्याचे घर घोडबंदर रस्त्यावर ठरले आहे आणि सासूबाई माळ्यावरील एकही वस्तू हलवू देत नाहीत. काही वर्षांपूर्वी पाचपाखाडीतील आमच्या घरी नेमका हाच प्रसंग उभा राहिला होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मीही आधी हिशेबच मांडला होता. जी वस्तू ठेवायची ती एकदा भाड्याच्या घरी जाणार, इमारत उभी राहीपर्यंत तिथली जागा अडवणार आणि पुन्हा एकदा टेंपोत चढून परत येणार. शिवाय नव्या घरांत माळा क्वचितच असतो. सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मग नेऊ की दोनदा." त्यानंतर मी जे केले ते आपण करू नये. त्या कौपिनेश्वराच्या दर्शनाला गेल्या असताना मी दोन गाठोडी भंगारवाल्याला देऊन टाकली. त्यांना घरात पाऊल टाकताच ते कळले. पुढचे पंधरा दिवस माळ्याची शिडी त्यांच्या खाटेखाली होती.

गाडे पुढे सरकले ते प्रश्न बदलल्यावर. "हे टाकायचे का?" या प्रश्नाला त्या पिढीकडे एकच उत्तर आहे: असू दे, लागेल कधीतरी. मी एक पितळी पातेले खाली काढले, चिंचेने घासले, तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले नाव आणि लग्नाची तारीख दिसू लागली. "हे कोणाकडे जावे?" एवढेच मी विचारले. सासूबाईंनी अक्षरांवरून बोट फिरवले, हे त्यांच्या मामांनी दिले होते म्हणाल्या, आणि क्षणभर थांबून मामांच्या नातीचे नाव घेतले. चार संध्याकाळींत चाळीसपैकी एकतीस भांड्यांना धनी मिळाले, आणि उरलेली नऊ मोडीत घालायला त्यांनीच सांगितली. मोडीला भाव बेताचाच मिळतो, हे मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर दुकानात वजनकाट्यासमोर नवा वाद उभा राहतो.

भांड्यांइतकाच वेळ कागदांना द्या आणि ते काम भाचे-पुतण्यांवर सोपवू नका. घराचा नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा), मुद्रांक शुल्काची पावती आणि सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट ही कागदपत्रे सामानाच्या टेंपोत न घालता स्वतःच्या पिशवीतून न्यावीत, कारण नव्या घरावरचा आपला हक्क सिद्ध करायला तीच लागतात. आमच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत लग्नपत्रिका आणि विजेची बिले यांच्या मध्ये कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटे सापडली. मी ती रद्दीच्या ढिगावर ठेवलीही होती. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर थेट दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, ते आधी डीमॅट, म्हणजे खात्यातील इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या रूपात, करावे लागतात; परंतु वारसांच्या नावे ते करून घेण्याची वाट खुली आहे. सलग सात वर्षे लाभांश कोणी घेतला नसेल तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि तेथूनही वारसांना मागणी करता येते. वेळ लागतो, चकरा होतात, पण कागदच रद्दीत गेला तर सगळेच अवघड होते. म्हणून जुनी ट्रंक उलटी करून रिकामी न करता एकेक कागद पाहून रिकामी करावी.

पुस्तकांची पोती भरून ग्रंथालयाच्या दारात नेऊ नयेत. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे, तेव्हा आपल्याकडचे पुष्कळसे तेथे आधीच असणार. कोणत्याही ग्रंथालयाला आधी यादी द्यावी आणि त्यांनी मागितले तेवढेच न्यावे. कसर लागलेली पुस्तके तर कोणालाच देऊ नयेत, कारण ती इतरांचीही कपाटे खराब करतात. मऊ झालेली सुती लुगडी गोधडीसाठी वेगळी काढा. बंद पडलेला टीव्ही आणि मिक्सर भंगारवाल्याकडे देण्याऐवजी ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलनाकडे द्यावेत. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि तो धूर कुठल्यातरी वस्तीतच जातो. हे सर्व पावसाळ्याआधी उरकता आले तर उत्तम, ठाण्याच्या दमट हवेत जुलैनंतर माळ्यावरचा पुठ्ठा हातात धरताच फाटतो.

आणखी एक, जे मला उशिरा सुचले. सासूबाईंना एक वस्तू बिनशर्त ठेवू द्या, मग ती कितीही निरुपयोगी असो, आणि हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. आमच्याकडे त्यांनी तांब्याचा बंब निवडला. पंचवीस वर्षांत तो कोणी पेटवला नव्हता. तो दोनदा टेंपोत चढला, दोनदा उतरला, आणि आता नव्या घराच्या गॅलरीत आहे. दर दिवाळीला त्या तो चिंच-मीठ लावून घासून घेतात, आणि घासणारी मीच असते.