नव्या घरात आल्यापासून ग्रॅनोला एकदा करपला, एकदा मऊ राहिला. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की घर बदलून आठवडा झाला, निम्मं सामान खोक्यांतच आहे आणि सकाळचा नाश्ता तरी सुटावा म्हणून ग्रॅनोला, म्हणजे तेल-मधात घोळून ओव्हनमध्ये भाजलेले ओट्स आणि सुकामेवा, केला. पहिला घाणा कडेने करपला, दुसरा मऊच राहिला. कृती मात्र तीच, जुन्या घरी दर वेळी जमणारी.

माझ्या मते कृतीत काहीच चुकत नाहीये. ओव्हन बदललाय, आणि त्याची तुमची अजून ओळख झालेली नाही. मी घर बदललं तेव्हा माझंही नेमकं हेच झालं होतं. ओव्हन आधीपासून बसवलेला होता, माहितीपुस्तिका नव्हती. मी नेहमीसारखं १५० अंशांवर लावलं आणि वीस मिनिटांत बदाम काळे. पुढे खोक्यातून ओव्हनचा थर्मामीटर सापडला तेव्हा कळलं, काटा १५० वर असताना आत जवळजवळ १७५ अंश होते. शिवाय मागचा डावा कोपरा बाकीच्यापेक्षा बराच तापत होता. एखादी भाजी पंचवीस अंश जास्त सोसून घेते. ग्रॅनोलाला ते जमत नाही, कारण त्यात पातळ पसरलेला मध असतो, आणि मधातली फळसाखर साध्या साखरेपेक्षा कमी तापमानालाच तपकिरी व्हायला लागते.

तेव्हा आधी ओव्हन तपासा. थर्मामीटर हाताशी नसेल तर साखर चालते. अॲल्युमिनियम फॉइलच्या छोट्या वाटीत चमचाभर साधी साखर घ्या आणि १७५ अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. साखर साधारण १८६ अंशांना वितळते, म्हणजे ती पांढरी, कोरडीच राहायला हवी. वितळली तर तुमचा ओव्हन सांगतो त्याहून जास्त तापतोय. मग दुसऱ्या वाटीत नवी साखर घेऊन १९० वर तेच करा. या वेळी ती वितळायला हवी. नाही वितळली तर ओव्हन थंड आहे. कोणता कोपरा जास्त तापतो हे बघायला ट्रेभर पावाचे काप मांडून थोडे भाजा. रंगाचा नकाशाच समोर येतो. ओव्हन अगदी कोरा असेल तर खिडक्या उघडून आधी एकदा रिकामाच चांगला तापवा. आतल्या भागांना कारखान्यातलं तेल असतं, त्याचा वास जाऊ द्या, नाहीतर तो ओट्सना लागतो.

आता मोजमाप. तुमचे मोजायचे कप कुठल्या खोक्यात आहेत ते कदाचित तुम्हालाही आठवत नसेल, आणि त्यांची गरजही नाही. कोणतीही एक वाटी घ्या. कोरडं सहा वाट्या, ओलं एक वाटी, एवढंच लक्षात ठेवा. कोरड्यात साडेचार वाट्या ओट्स आणि दीड वाटी सुकामेवा व बिया. ओल्यात अर्धं तेल, अर्धा मध किंवा मेपल सिरप. मीठ विसरू नका. एवढ्या मिश्रणाला पाऊण चमचा. मीठ नसलेला ग्रॅनोला नुसता गोड लागतो, भाजल्याची खरपूस चव मागेच राहते. ओट्स मात्र जाड, चपटे केलेलेच घ्या. झटपट शिजणारे पातळ ओट्स चुरा होतात आणि नुसते कापलेले दाणे दाताखाली खड्यासारखे येतात. आणखी एक बघा. घर बदलताना डब्यांच्या तळाशी राहिलेले अक्रोड-बदाम असतात, ते घालायचा मोह होतो. घालण्याआधी एक दाणा चावून बघा. एक खवट अक्रोड अख्खा ट्रे बिघडवतो.

तेल आणि मध एकत्र किंचित कोमट करून घ्या, म्हणजे पातळ होऊन प्रत्येक दाण्याला लागतात. ट्रेमध्ये बेकिंगचा कागद घालून मिश्रण पसरा, पण थर बोटाच्या एका पेराहून जाड नको. तुमचा दुसरा घाणा मऊ राहिला त्यात जाड थराचा वाटा असू शकतो, कारण खालच्या ओट्समधली वाफ वरच्या थरातच अडकते. पुन्हा करपेल या भीतीने तुम्ही तो लवकर काढलाही असेल. ट्रे मधल्या कप्प्यात, खरे १५० अंश, तीस मिनिटांच्या आसपास. पंख्याचा ओव्हन असेल तर वीस अंश कमी. अर्ध्या वेळाने ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणा, एकदाच हलवा आणि चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करा. त्यानंतर हात लावायचा नाही. मोठे चिकटलेले तुकडे आवडत असतील तर एका अंड्याचा पांढरा बलक फेटून ओल्यात मिसळा.

केव्हा काढायचा, यात सगळ्यात जास्त फसगत होते. गरम ग्रॅनोला कधीच कुरकुरीत नसतो. गरम असताना मधाचा लेप मऊ असतो, थंड झाल्यावरच तो काचेसारखा कडक होतो. त्यामुळे तोंडात टाकून ठरवू नका, रंग आणि वास बघा. कडा सोनेरी झाल्या आणि स्वयंपाकघरात भाजलेल्या सुक्यामेव्याचा वास भरला की काढा. ट्रेमध्येच तासभर तसाच राहू द्या. कोमट असताना डब्यात भरला तर स्वतःच्याच वाफेने तो पुन्हा सादळतो. बेदाणे, सुक्या चेरी असं काही घालायचं असेल तर ते थंड झाल्यावर. ओव्हनमध्ये ती फळं चामड्यासारखी चिवट होतात.

तुमचा मऊ राहिलेला घाणा टाकून दिला नसेल तर बेदाणे वेचून तो परत १५० अंशांवर आठ-दहा मिनिटं तापवा आणि पूर्ण गार होऊ द्या. बहुतेक वेळा सुधारतो. करपलेला मात्र सोडून द्या, तो कडवटपणा कशानेही जात नाही. हवाबंद बरणीत ग्रॅनोला दोन-तीन आठवडे छान राहतो. बरणी शेगडीजवळ ठेवू नका, तिथली वाफ त्याला मऊ करते. घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मधाचा ग्रॅनोला त्याला देऊ नका.

खोक्यांच्या दिवसांत ग्रॅनोलाच करावा असं मला मनापासून वाटतं. एक मोठं भांडं, एक चमचा, एक वाटी, एक ट्रे, बास. आणि आठवडाभर सकाळी गॅस न पेटवता पोटभर खाता येतं. १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी ‘ग्रॅन्युला’ नावाचा याचा पूर्वज बनवला, तो इतका कडक होता की रात्रभर भिजत ठेवूनच खावा लागे. तुमचा तितका कडक झाला तर एक गोष्ट पक्की, थर पातळ होता आणि वेळ जास्त झाला.

प्रत्येक घाण्यानंतर काट्याचा आकडा, कप्पा आणि मिनिटं लिहून ठेवा. माझा कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे: काटा १२५, मधला कप्पा, पंधरा मिनिटांनी फिरवणे, मागचा डावा कोपरा रिकामा.